बत्तिसावं पान

आमच्या लायब्ररीच्या दारावर एक पाटी होती : 'पुस्तकाचं पान दुमडू नये. दुमडायची हौस असल्यास घरी धुतलेले कपडे असतात.' पाटी माझ्याच हातची. लोक ती वाचून हसायचे, आत यायचे आणि पानं दुमडायचे. पुस्तकात पेन्सिलीने खूण करू नये, अशी पाटी मात्र मी कधीच लावली नाही. त्याला कारण होतं, आणि आजची हकीकत त्या कारणाचीच आहे.

बिबवेवाडीत एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर, आमच्याच फ्लॅटच्या पुढच्या खोलीत, मी वीसेक वर्षं सर्क्युलेटिंग लायब्ररी चालवली. हल्लीच्या मुलांना हा धंदा समजावून सांगावा लागतो. महिन्याची वर्गणी भरायची, एक पुस्तक आणि एक मासिक न्यायचं, वाचून झालं की बदलून न्यायचं. ज्यांना जिना चढवत नसे त्यांच्याकडे मी लूनावरून पुस्तकं पोचवायचे. दिवाळीत अंकांची योजना असे. अंक दिवाळीला घरोघर फिरायला निघायचा आणि होळीपर्यंत त्याचं कव्हर, जाहिराती आणि राशिभविष्य नाहीसं झालेलं असायचं. राशिभविष्य कोण फाडतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्याने फाडलं त्याचं वर्ष काही बरं गेलं नसावं, अशी मी मनाची समजूत घालून घेतली.

आता खुणांचं. माणूस वर्षानुवर्षं एकाच लायब्ररीतून पुस्तकं नेऊ लागला की त्याच्या लक्षात राहत नाही, हे आपण वाचलंय की नाही. नावावरून आठवत नाही, कव्हर तर मी खाकी घातलेलं. म्हणून प्रत्येक सभासद आपलं एक पान ठरवून ठेवतो आणि पुस्तक वाचून झालं की त्या पानाच्या कोपऱ्यात बारीकशी खूण करतो. पुढच्या वेळी पुस्तक हातात घेतलं की आधी ते पान उघडायचं. खूण दिसली की ठेवून द्यायचं. कुणाची चांदणी, कुणाचं टिंब. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ चेकवर करावी तशी पूर्ण सही करून खाली तारीख घालायचे. एक आजी कुंकवाचं बोट टेकवायच्या, त्यांना मी हात जोडून पेन्सिल दिली. नियम एकच होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता, तरी सगळे पाळत : दुसऱ्याची खूण कुणी खोडायची नाही.

आठल्यांचं पान बत्तिसावं. आठल्ये पाटबंधारे खात्यात होते, उभी नोकरी खडकवासल्याला धरणावर झाली. त्यांची खूण म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्यावर तीन आखूड आडव्या रेघा, धरणाच्या भिंतीवर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी रंगवलेली असते तशी. निवृत्त झाल्यावर ते दर दोन दिवसांनी येत. बोलणं कमी. पुस्तक परत देताना एकच शेरा, "बरं आहे" नाही तर "लांबवलंय." 'बरं आहे' म्हणजे त्यांच्या हिशेबात फार चांगलं. बघता बघता त्यांनी माझी सगळी लायब्ररी वाचून काढली. कुठलंही कपाट उघडा आणि कुठलंही पुस्तक काढा, बत्तिसाव्या पानावर धरणाची पट्टी असायचीच.

त्यांच्या पत्नी, आठल्येबाई, शाळेत गणित शिकवत. त्या लायब्ररीत कधी यायच्या नाहीत. गोष्टी म्हणजे न घडलेल्या गोष्टी, त्या वाचून काय करायचं, असं त्यांचं रोखठोक मत होतं. वर्गात त्यांचा दरारा होता तो मुख्यतः एका गोष्टीसाठी. चुकलेलं उत्तर चालेल, पण खाडाखोड करून बरोबर केलेलं चालणार नाही.

तो काळ मोठा गमतीचा होता. आधी केबल आली आणि माझे निम्मे सभासद मालिकांनी पळवले. मग घराघरांतली मुलं कॉम्प्युटरमध्ये गेली आणि तिथून अमेरिकेत. आईवडील मागे राहिले, आणि ते माझ्याकडे राहिले. सुट्टीवर आलेली मुलं सोसायटीचा मेंटेनन्स भरायची, तशीच लायब्ररीची वर्षाची वर्गणी भरून जायची आणि मला हळूच सांगायची, काकू, पुस्तक द्यायला जाल तेव्हा जरा आतपर्यंत जाऊन येत जा. मी जात असे. चहा होई, गुडघ्यांची चौकशी होई. फोन आला की मी सांगे, सगळं ठीक आहे. बहुतेक वेळा असायचंही.

आठल्यांची मुलगी मृणाल मात्र पुण्यातच राहिली. सॉफ्टवेअरमध्ये होती, वाघोलीला नवा फ्लॅट घेतला होता. एका रविवारी ती लायब्ररीत आली आणि म्हणाली, बाबांना विसरायचा आजार झालाय, डॉक्टरांनी नाव सांगितलंय. तिने इंटरनेटवरून इंग्रजी कागदांचा गठ्ठा छापून आईला दिला होता. आईने तो नीट वाचून, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करून परत केला होता आणि वर विचारलं होतं, यात तुझ्या वडिलांबद्दल काय लिहिलंय? मृणालला मराठीत काही हवं होतं, आपल्याकडच्या घरात घडेल असं.

माझ्याकडे तसं काही नव्हतं. तेव्हा दुकानांतही मला सापडलं नाही. मधुमेहावर ढीगभर, हृदयावर ढीगभर, या आजारावर काही नाही. मग मी माळ्यावरचे जुने दिवाळी अंक खाली काढले. एखाद्या डॉक्टरांचा लेख, एखाद्या सुनेने सासूबद्दल लिहिलेलं, असं शोधून शोधून पानं कापली आणि आमच्या बाइंडरकडून एकत्र बांधून घेतली. खाकी कव्हरावर लिहिलं, 'घरच्यांसाठी'. वाटलं होतं, आठल्येबाई वाचतील आणि मग ते पडून राहील. पण ते पुस्तक कपाटात टिकेना. कुणाची आई, कुणाचे सासरे, कुणाची अविवाहित आत्या. मला कधी कल्पनाही आली नव्हती अशा घरांतून मागणी येऊ लागली. इतकी वर्षं हे सगळे माझ्याकडून रहस्यकथा नेत होते आणि घरात काय चाललंय ते कुणी बोललं नव्हतं.

त्या एका पुस्तकात मी लोकांना समासात लिहायची मुभा दिली. आज वाटतं, ते समासच खरं पुस्तक होतं. एकीने लिहिलं होतं, बाथरूमची आतली कडी आजच काढून टाका, आम्हाला दार फोडावं लागलं. दुसऱ्याने लिहिलं, खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली तर ते ती काढून टाकतात, सदऱ्याच्या आतून शिवून टाका. 'मी कोण ते ओळख' अशी परीक्षा घेऊ नका, आपणच आपलं नाव सांगत खोलीत जा. आंघोळीला नाही म्हणाले तर वाद नको, चहा द्या आणि थोड्या वेळाने असं विचारा की जणू पहिल्यांदाच विचारताय. आणि एका पानावर खाली, अक्षरावरून थकलेली वाटणारी एक ओळ : स्वतः वेळेवर जेवा, कोणी विचारणार नाही.

आठल्येबाईंनी ते पुस्तक वाचलं आणि परत द्यायला स्वतः जिना चढून आल्या. लेखातली एक ओळ त्यांना खटकली होती. रुग्ण चुकीचं बोलला तरी त्याला खोटं पाडू नये, असं ते वाक्य.

"म्हणजे आपण खोटं बोलायचं?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी घरात खोटं बोलले नाही. आता त्यांना कळत नाही म्हणून बोलायचं? ही तर लबाडी झाली."

त्यांच्या घरी काय चालतं ते मी पुस्तक द्यायला जाई तेव्हा पाहिलं होतं. दिवेलागणीला आठल्ये उठायचे, चपला घालायचे आणि म्हणायचे, धरणाचे दरवाजे उघडायचे राहिलेत, खालच्या गावांना कळवलं का? बाई शांतपणे सांगायच्या, अहो, आपण निवृत्त झालात, सत्कार झाला, हा बघा भिंतीवर फोटो. ते फोटोकडे बघत. हळूहळू चेहरा उतरे, चपला काढून खुर्चीत बसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लोक आयुष्यात एकदा निवृत्त होतात, आठल्ये रोज संध्याकाळी होत होते. बाईंना ते दिसत नव्हतं असं नाही. पण खरं उत्तर माहीत असताना ते न सांगणं त्यांना जमत नव्हतं. त्या घरात प्रेम होतं ते बरोबर उत्तराच्या रूपात होतं.

बाईंचा सगळा आधार दुपारच्या वाचनावर होता. चहा झाला की आठल्ये खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसत आणि तेवढ्या वेळात बाई पाठ टेकत. वाचलेलं किती डोक्यात राहत होतं कोण जाणे, पण वाचत असत. मग तेही अडलं. मी नेलेलं पुस्तक ते हातात घेत, आधी बत्तिसावं पान उघडत, आपली खूण बघत आणि "हे झालंय" म्हणून परत देत. बाकी सगळं पुसट होत होतं, ही सवय मात्र पक्की. आणि माझ्याकडचं सगळंच त्यांचं झालेलं. नवी पुस्तकं दिली तर ती त्यांना लागेनात. "कोण कुणाचं कोण, काही कळत नाही यात," असं म्हणून मिटून ठेवत. जुन्या पुस्तकांची चाल त्यांच्या ओळखीची होती, पण त्यांचा रस्ता त्यांच्याच खुणेने बंद केलेला.

पुस्तक नाही म्हटल्यावर दुपारपासूनच येरझाऱ्या सुरू होत. एकदा बाईंचा डोळा लागला आणि ते निघाले. स्वारगेटला एका रिक्षावाल्याला ते खडकवासल्याची बस विचारत उभे असलेले दिसले. सदऱ्याच्या आत शिवलेला पत्ता वाचून त्याने घरी आणून सोडलं.

त्या दिवशी मृणाल वाघोलीहून धावत आली. तिने एक संस्था पाहून ठेवली होती, स्वच्छ, मोकळी, चोवीस तास माणसं. माझ्यासमोरच ती आईला म्हणाली, "आई, तू आडवी झालीस तर मी दोघांना कुठे बघू? दिवाळी होऊ दे, मग आपण बाबांना तिथे ठेवू." तिचं काही चुकत नव्हतं. तिचे डोळे सुजलेले होते. बाई एवढंच म्हणाल्या की दुपारी एक तास ते बसले असते तर मी निभावून नेलं असतं.

त्याच सुमारास ग्रामीण गोष्टींचं एक पुस्तक एका घरून परत आलं, ते कुणाच्या तरी नातवाने रेघोट्या मारून. मी चिडचिड करत ती पानं खोडरबराने साफ केली. त्या सफाईत बत्तिसाव्या पानावरच्या सगळ्यांच्या खुणा गेल्या. दोन दिवसांनी चुकून तेच पुस्तक माझ्या पिशवीतून आठल्यांकडे गेलं.

पुस्तक परत घेऊन आल्या त्या आठल्येबाई. शेजारणीला घरी बसवून आल्या होत्या, धापा टाकत बाकावर बसल्या. म्हणाल्या, हे त्यांनी तीन दुपारी वाचलं. मधे मधे हसत होते. मिटताना म्हणाले, नवीन आलेलं दिसतंय, बरं आहे. पण हे तर त्यांनी पूर्वी माझ्या डोळ्यांदेखत वाचलंय, बाई म्हणाल्या. खूण कुठे गेली?

मी रेघोट्यांची हकीकत सांगितली. बाई ऐकत होत्या, पण बघत होत्या कपाटांकडे. एका ओळीत लावलेली शेकडो खाकी पुस्तकं. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. मी मुद्दाम काही बोलले नाही, कारण हे मी सुचवलं असतं तर त्या तशाच उठून गेल्या असत्या.

"खोडरबर आहे का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

मी ड्रॉवरमधून काढून दिला. दुसऱ्याच्या खुणा खोडायच्या नाहीत असा आपल्याकडे नियम आहे, हे मी उगाचच पुटपुटले.

"फक्त त्यांची खोडीन," त्या म्हणाल्या. "आणि मुलांना सांगत आले, खाडाखोड केलीत तर गुण कापीन."

त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं, डाव्या हाताने पान ताणून धरलं आणि एकाच दिशेने हलकेच रबर फिरवला. शेजारची चांदणी तशीच राहिली. भुसा फुंकून टाकला, पान उजेडात धरून पाहिलं. मग दुसरं पुस्तक. त्या दिवशी त्या बरीच पुस्तकं करून गेल्या. जाताना त्यांचे डोळे भरले होते आणि मी दुसरीकडे बघत होते, कारण त्या वेळी कुणी आपल्याकडे बघितलेलं त्यांना चाललं नसतं.

त्यानंतर आमचा क्रम बसला. मी खोडलेलं पुस्तक नेई, आठल्ये नव्या कोऱ्या उत्साहाने वाचत, बत्तिसाव्या पानावर पट्टी काढत आणि परत देत. बाई ती खोडत आणि काही दिवसांनी तेच पुस्तक पुन्हा जाई. ग्रामीण गोष्टींवर तर त्यांचा फारच जीव. दर वेळी नवीन, दर वेळी बरं. मृणाल एका शनिवारी आली तेव्हा आई बाकावर बसून खूण खोडत होती. ती चप्पल काढून आईशेजारी बसली आणि म्हणाली, दे, एक मी करते.

त्या रबराने आणखीही काहीतरी गेलं. एका संध्याकाळी मी तिथे असताना आठल्ये उठले, चपला घातल्या, दरवाजे उघडायचे राहिलेत म्हणाले. बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मला वाटलं, आता फोटो.

"अहो, साहेबांचा निरोप आलाय," बाई म्हणाल्या. "आज पाणी सोडायचं नाही. गावांनाही कळवलंय."

"कोण साहेब?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे पुढचं तयार नव्हतं. "नवीन आलेत," त्या म्हणाल्या.

"नवीन लोकांना काही कळत नाही," आठल्ये म्हणाले, पण चपला काढल्या आणि समाधानाने जेवायला बसले. त्या रात्री बाई त्यांच्याबरोबरच जेवल्या, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. दिवाळी आली आणि गेली. संस्थेचं नाव मृणालने काढलं नाही.

असं बरंच चाललं, पण आजार थांबत नसतो. खूण हळूहळू वाकडी होऊ लागली. मग आडव्या रेघा दोनच, मग एक. मग नुसती उभी रेघ, तीही भलत्याच पानावर, आणि बाई ती शोधून खोडत. शेवटी एक दिवस ग्रामीण गोष्टी परत आल्या. आम्ही दोघींनी बत्तिसावं पान पाहिलं, मग सगळं पुस्तक चाळलं. खूण कुठेच नव्हती. बाईंनी पिशवीतून खोडरबर काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, हा आता तुमच्याकडे असू द्या. त्यानंतर आठल्ये एक पावसाळा आणखी होते. गेले ते आपल्या घरात, खिडकीजवळच्या पलंगावर.

लायब्ररी बंद केली त्याला आता काही वर्षं झाली. हातात फोन आले, जिना चढणारे उरले नाहीत, आणि खरं सांगायचं तर माझेही गुडघे लूनाला कंटाळले. वाईट वाटतं. संध्याकाळी पुढच्या खोलीत दिवा लावताना अजूनही वाटतं, आता कुणीतरी पिशवी घेऊन येईल आणि म्हणेल, काही नवीन आलंय का. बंद करताना मी सभासदांना निरोप दिला, हवं ते पुस्तक घेऊन जा, आठवण म्हणून. 'घरच्यांसाठी' पहिल्याच दिवशी गेलं. कुणी नेलं मी विचारलं नाही. ज्याने नेलं त्याच्या घरी गरज असणार.

आठल्येबाई शेवटच्या दिवशी आल्या, काठी घेऊन. कपाटापुढे उभ्या राहून एकेका पुस्तकाचं बत्तिसावं पान त्या बोटाने चाचपत होत्या. एका पुस्तकाशी थांबल्या आणि मला हाक मारली. पान उजेडात धरलं होतं. इतक्या वेळा खोडून कोपऱ्याचा कागद इतका विरला होता की पाठीमागची अक्षरं दिसत होती. त्या ग्रामीण गोष्टी. त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं आणि गेल्या.

पंधरवड्याने दारावरची बेल वाजली. बाई. पिशवीतून त्यांनी पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मी म्हणाले, बाई, ते तुम्हाला दिलंय, लायब्ररी बंद झाली.

"वाचून झालं की परत करायचं असतं," त्या म्हणाल्या. मग पुस्तक माझ्या हातात देत, "बरं आहे."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी गोष्टींचं पुस्तक वाचलं होतं. मी सवयीने बत्तिसावं पान उघडलं. त्या विरलेल्या कागदावर, तो फाटू नये म्हणून अगदी हलक्या हाताने, एक उभी रेघ आणि तिच्यावर तीन आडव्या रेघा काढलेल्या होत्या. रेघा पट्टीने आखाव्यात तशा सरळ होत्या. आठल्यांच्या कधी इतक्या सरळ नसत.

"शेवटच्या वेळी त्यांचं वाचून झालं होतं," बाई म्हणाल्या. "खूण करायची तेवढी राहून गेली होती. आता ती खोडू नका."

मी मान हलवली. त्यांनी काठी उचलली आणि कठड्याला धरून एकेक पायरी जिना उतरू लागल्या.